वरच्या खोलीतला भाडेकरू

माझा धंदा कुजबुजीचा. नाटकाच्या विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, डोक्यावर निळा बल्ब, आणि नट अडला की पुढचा शब्द टाकायचा. नटाला ऐकू गेला पाहिजे, पहिल्या रांगेला जाता कामा नये. याला प्रॉम्प्टर म्हणतात, पण कंपनीतले सगळे मला ‘कुजबुज’च म्हणायचे. “ए कुजबुज, आज माझ्याकडे जरा लक्ष ठेव रे, काल झोप नाही झालेली.” आणि प्रयोग संपल्यावर हेच लोक पडद्यापुढे जाऊन कमरेत वाकणार, हार घेणार. कुजबुजीला कोण हार घालतो? आता म्हणे नट कानात यंत्र घालतात. घाला बापडे.

या धंद्यात शिकायचं असं एकच आहे. माणूस तोंडानं अडायच्या आधी डोळ्यांनी अडतो. नजर विंगेकडे वळली की ओळखायचं. एक श्वास थांबायचं, दुसरा श्वास थांबायचं, कधी कधी त्याचं त्यालाच आठवतं. तिसऱ्या श्वासाला शब्द द्यायचा. अंतर जास्त असेल तर नुसते ओठ हलवायचे, नट ओठ वाचतो. तो नट कितीही हलकट असो, सकाळीच तुमच्याशी भांडलेला असो, त्याला चारचौघांत उघडं पाडायचं नाही. हे इतकं अंगात भिनतं की नंतर त्यात डोकं लागतच नाही. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

हे आधी सांगून टाकलं, कारण माझं घर याच खोडीनं बुडालं.

चष्मेवाला मला भेटला तो या निळ्या बल्बमुळेच. चाळिशी लागली आणि विंगेत अक्षरं दिसेनात. नाक्यावरच्या चष्म्याच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा, हळू बोलणारा. त्यानं तक्ता वाचायला लावला, भिंगं बदलली, आणि मग म्हणाला, “इथल्या उजेडात नंबर काढून उपयोग नाही. तुम्ही बसता ती जागा मला बघावी लागेल.” आला की खरंच! दुपारच्या तालमीला आला, विंगेत माझ्यासमोर उकिडवा बसला, आणि माझ्या भुवईपासून संहितेच्या पानापर्यंत मोजपट्टी धरली. एवढंसं अंतर, पण गडी मोजतोय, मोजतोय, मोजतोयच. मी म्हटलं, “किती भरलं?” तर म्हणाला, “परत मोजावं लागेल.”

नंतर माझ्या चष्म्याची नाकावरची पट्टी फार वेळा सैल व्हायला लागली. आमच्यासारख्यांचं प्रेमप्रकरण म्हणजे दुसरं काय असणार? नाकावरची पट्टी सैल झाली म्हणून दुकानात जायचं.

तेव्हाचं आताच्या पोरांना खरं वाटत नाही. आता फोनवर बोट फिरवलं की शंभर चेहरे. आमच्या वेळी बागेच्या मागच्या बाकावर बसायचं आणि शेजारच्याला वेळ विचारायची. विचारणाऱ्याच्या स्वतःच्या मनगटावर घड्याळ असलं की काय ते समजायचं. आमच्यातल्या एका बँकेतल्या कॅशियरनं चुकीच्या माणसाला वेळ विचारली आणि पुढचे दोन दात घालवून बसला. घरी सांगितलं, जिन्यावरून पडलो. बायकोनं बिचारीनं रात्रभर शेक दिला. आम्ही हसायचो यावर. दुसरं करणार काय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, त्यात हसू आलं तर तेवढीच चैन.

चष्मेवाल्याचं घर म्हणजे पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर आणि एक खोली, आणि जिना चढून वर एक खोली. वरच्या खोलीचा मी भाडेकरू झालो. तिथे पलंग, आरसा, दाढीचं सामान, सगळं माझं म्हणून मांडलं होतं. त्या पलंगावर मी इतक्या वर्षांत झोपलो असेन तो फक्त खोकला झाला तेव्हा, त्याची झोप मोडू नये म्हणून. त्याची धाकटी बहीण येणार असली की मी आधी वर जाऊन पलंगावर लोळायचो, चादर चुरगळायचो, ओला टॉवेल खुर्चीवर टाकायचो. हा जिन्यातून हसत सांगायचा, “अरे, उशीला खड्डा पाड, खड्डा!”

पण माणूस खोटं बोलायला अगदी कुचकामी. कान लाल व्हायचे त्याचे. बहीण पहिल्यांदा आली तेव्हा तिनं माझ्याकडे बघून विचारलं, “हे कोण?” तर हा म्हणतो, “हे... हे... चष्मा लावतात.” आता बोला! मी तिथल्या तिथे सावरून घेतलं. ती गेल्यावर त्याला स्वयंपाकघरात टेबलाशी बसवलं आणि वाक्य बांधून दिलं. ‘हे माझे भाडेकरू. वरच्या खोलीत राहतात. नाटकात असतात, यायला उशीर होतो, म्हणून किल्ली दिलीये.’ ‘वरच्या’ म्हणताना उजवा हात जिन्याकडे. ‘किल्ली’ म्हटलं की लगेच वळून चहाची किटली उचलायची, म्हणजे कान दिसणार नाहीत. शाळेतल्या पोरासारखं घोकवून घेतलं. नटांना कधी इतकं घोकवलं नव्हतं.

तरी तो अडायचाच. मग मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचो, पाहुण्यांच्या पाठीमागे. त्याची नजर आली की ओठ हलवायचे. गाडी रुळावर. घरात आमचं अरे-तुरे, पाहुण्यांपुढे अहो-जाहो. पाहुणे गेले की तो कडी लावायचा, दाराला पाठ टेकून उभा राहायचा आणि विचारायचा, “बरोबर म्हटलं ना रे?” मी म्हणायचो, “बिनचूक.” मग आम्ही हसायचो, आणि मी वर जाऊन चादर सरळ करून यायचो.

तीस-एक वर्षं हे चाललं. एकत्र काढलेला फोटो म्हणाल तर एक नाही, आम्हीच काढू दिला नाही. इतकं झाकलं, इतकं झाकलं, की शेवटी आमचं आम्हालाच दाखवायला काही उरलं नाही.

मग त्याचे शब्द जायला लागले. आधी गिऱ्हाइकांची नावं, मग भिंगांचे नंबर, मग चमचा, टॉवेल, खिडकी. दुकान बंद केलं. तो माझ्याकडे बघायचा आणि मी शब्द द्यायचो. “मला ते दे...” “चमचा.” “हां, चमचा.” मला त्यात काही विशेष वाटलं नाही, आयुष्यभर तेच तर केलं. डॉक्टर मात्र मला म्हणाले, “तुम्ही फार लवकर शब्द देता. त्यांना शोधू द्या, नाहीतर ते शोधणंच सोडतील.” मी म्हटलं, बरं. आणि दवाखान्याच्या जिन्यातच त्याला ‘कठडा’ दिला.

बहिणीला कळलं आणि ती तडक आली. बाई वाईट नाही, हेच तर वाईट. वाईट असती तर भांडता आलं असतं. नवरा गेल्यावर एकटीनं संसार ओढलेली, भावावर जीव टाकणारी. मला म्हणाली, “त्याला मी घरी घेऊन जाते. आपल्या माणसांत राहील. तुम्ही तरी किती करणार हो? तुम्ही पडलात भाडेकरू, तुमचा काय संबंध?”

संबंध! त्याची दाढी मी करतो, त्याची नखं मी काढतो, झोपेत तो दचकला की माझा हात धरतो, आणि माझा काय संबंध! पण ते वाक्य माझंच होतं.

शेवटी भाचीला गाठलं. बहिणीची मुलगी ती, तिशीतली, नोकरी करणारी, डोक्यानं स्वच्छ. दुकानाच्या बंद शटरपाशी उभं राहून तिला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “काका, मला नववीतच कळलं होतं. वरच्या पलंगाची चादर चुरगळलेली असायची, पण उशीवर कधी एक केस दिसला नाही.”

घ्या! म्हणजे आमची एवढी नाटकं, आणि नववीतल्या पोरीनं पकडली.

तिनं मला एका मंडळात नेलं, माझ्यासारख्या म्हाताऱ्यांसाठी तरुण पोरं चालवतात ते. गोल खुर्च्या मांडलेल्या. एक गोड मुलगा विचारतो, “काका, मन मोकळं करा, त्या काळात तुम्हाला काय वाटायचं?” मी म्हटलं, “वाटायला वेळ कुठे होता बाळा, पाठांतर चालू होतं.” सगळे हसले. शेजारच्या खुर्चीतला निवृत्त इंजिनिअर मात्र हसला नाही. त्याचा माणूस गेला तेव्हा स्मशानात त्याला चौथ्या रांगेत उभं केलं होतं, ऑफिसातल्या लोकांबरोबर. घरी येऊन मी बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. मला त्या चौथ्या रांगेची भीती बसली.

भाची आईशी भांडली. आई ऐकेना. तिचं म्हणणं एकच, “माझा भाऊ मला खोटं सांगणार नाही. इतकी वर्षं त्यानं मला भाडेकरू म्हणून सांगितलं. वेगळं काही असेल तर त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगू दे. मग मी एक शब्द बोलणार नाही, राहू दे त्याला इथेच. पण त्या माणसानं मध्ये बोलायचं नाही. तो त्याच्या तोंडात शब्द घालतो, मी डोळ्यांनी पाहिलंय.”

भाचीनं विचारलं, “काका, मामा सांगेल?”

मी त्याच दिवशी दुपारी त्याला विचारून पाहिलं. तो खिडकीशी बसून जुन्या चष्म्याच्या काड्या उघडमीट करत होता. म्हटलं, “मी कोण रे तुझा?” त्यानं माझ्याकडे बघितलं, जणू मीच वेडा. “कोण म्हणजे? कसला प्रश्न हा! आपण.” आणि परत काड्या. म्हटलं, “आपण म्हणजे?” तर वैतागला, “आपण म्हणजे आपण. तू नि मी.”

मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! शब्द सगळे गेले, हा राहिला होता. मी ठरवलं, याला काही घोकवायचं नाही. नवं वाक्य बांधून देणं मला अशक्य होतं का? पण मग बाईचं म्हणणं खरं झालं असतं. त्याचं त्याला बोलू दे. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला वाक्याशिवाय सोडलं.

दोघी रविवारी सकाळी आल्या, सकाळी त्याचं डोकं बरं असतं म्हणून. तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला, इस्त्रीचा शर्ट, केस मी नीट विंचरलेले. बहीण समोर, भाची तिच्या शेजारी. मला बहीण म्हणाली, “तुम्ही आत बसा.” मी आतल्या खोलीत गेलो. बसवेना. उठून दारात येऊन उभा राहिलो. दोघींच्या पाठी माझ्याकडे होत्या, त्याचं तोंड माझ्याकडे. तीच जागा. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही.

भाचीनं त्याचा हात हातात घेतला. “मामा, घाबरू नकोस हं. कोणी रागावणार नाही. हे काका आपल्याकडे राहतात ना, ते तुझे कोण?”

तो हसला. भाचीकडे बघितलं, मग बहिणीकडे. हसू हळूहळू गेलं. बहीण समोर होती, स्वच्छ साडी नेसून, मांडीवर पर्स घेऊन, नेहमी बसायची तशी.

“हे...” तो म्हणाला. “हे...”

कान लाल झाले.

“सांग ना मामा. हे कोण?”

“हे...”

आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. ती नजर मी कुठेही ओळखीन. भरल्या थिएटरात उघडा पडत चाललेला माणूस असं बघतो. मी दाराची चौकट घट्ट धरली. मनात म्हटलं, बोल, बोल राजा, परवा बोललास ते बोल. एक श्वास. त्याच्या कपाळावर घाम आला. दुसरा श्वास. बहीण खुर्चीत जराशी पुढे सरकली. त्याचे ओठ थरथरायला लागले, डोळे भरून आले, आणि तो तसाच माझ्याकडे बघत राहिला.

तिसऱ्या श्वासाला माझे ओठ हलले.

मी हलवले नाहीत हो. ते हलले. ‘माझे भाडेकरू.’

“हे माझे भाडेकरू,” तो म्हणाला. चेहरा उजळला त्याचा. “वरच्या खोलीत राहतात.” उजवा हात जिन्याकडे गेला. “नाटकात असतात, यायला उशीर होतो, म्हणून किल्ली दिलीये.” आणि वळून त्यानं किटलीसाठी हात पुढे केला. किटली तिथे नव्हती. हात तसाच हवेत चाचपडत राहिला. सगळ्या वर्षांत एकदाही तो इतकं सरळ बोलला नव्हता.

बहिणीनं सुस्कारा सोडला. “झालं समाधान?” ती मुलीला म्हणाली.

मी पुढे धावलो. “ताई, हे त्याचं बोलणं नाही! मी त्याला सांगितलं. आत्ता, इथून. ओठांनी. हे वाक्य माझं आहे, मीच त्याला पाठ करून दिलं होतं!”

बाई वळली. आवाज चढवला नाही तिनं. “म्हणजे मी म्हणत होते तेच ना? तुम्ही त्याच्या तोंडात शब्द घालता. आता तुम्ही स्वतःच कबूल करताय.”

आपलेच दात नि आपलेच ओठ. परवा तो ‘आपण’ म्हणाला हे सांगितलं असतं, तर तेही मीच पढवलं असं झालं असतं. भाची रडायला लागली होती. तिनं परत विचारलं, “मामा, खरं सांग, काकांकडे बघू नकोस. कोण आहेत हे?” आणि त्यानं माझ्याकडे न बघता, हात जिन्याकडे करून, पुन्हा सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तर हसत हसत म्हटलं. मी भाचीला म्हटलं, “पुरे कर बाई. आता त्याला पाठ झालंय.”

सामान मीच भरलं. जवळचा चष्मा, लांबचा चष्मा, गरम बनियन, झोपताना लागते ती छोटी उशी. गोळ्या कधी काय द्यायच्या ते भाचीला दोनदा समजावलं. बहीण दारात येऊन म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली, “तुमचे उपकार कसे फेडू? भाडेकरू असून घरच्यासारखं केलंत.”

तिनं थोबाडीत मारली असती तरी बरं झालं असतं.

ती बॅग घेऊन गाडीकडे गेली, भाचीही गेली. मी त्याला कोट घालत होतो. त्यानं हळूच दाराकडे बघितलं. कोणी नाही याची खात्री केली, दोन पावलं गेला, दार लोटलं, आणि दाराला पाठ टेकून उभा राहिला. कान अजून लाल होते. डोळ्यांत मात्र ती जुनी लबाडी. माझी बाही धरून जवळ ओढलं आणि अगदी माझ्याच आवाजात, पहिल्या रांगेला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, “निघाली ना ती? बरोबर म्हटलं ना रे?”

मला ओरडून भाचीला बोलवायचं होतं, ये, बघ, ऐक. पण तो उत्तरासाठी थांबला होता.

“बिनचूक,” मी म्हटलं.

बाहेर पावलं वाजली. त्यानं लगेच माझी बाही सोडली, हातभर लांब सरकून उभा राहिला आणि कोट ठीक केला. दार ढकलून बहीण आत आली तेव्हा तो माझ्याकडे अनोळखी माणसासारखं, अगदी अदबीनं बघत होता.

“बराय मग,” तो मोठ्यानं म्हणाला. “किल्ली आहे ना तुमच्याकडे?”

“आहे,” मी म्हटलं.